एकच नियम आणि शेताचा कोपरा

एका उपदेशक बंधूंनी आम्हांस विचारिले आहे की, नियम सर्वांस एकच असता कोणावर अन्याय झाला असे म्हणता येईल काय? त्यांच्या मंडळीतील एका ऊसतोड कुटुंबाचा मुलगा औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत वीजतंत्रीचे काम शिकू इच्छीत होता. त्यास गणित व विज्ञान घेऊन दहावी उत्तीर्ण व्हावे लागते. मुलगा गणितात राहिला. संस्थेने पक्षपात केला नाही. नियमच तसा आहे.

पण तो गणितात का राहिला? बीड जिल्ह्यातील पुष्कळ कुटुंबे मुकादमाकडून उचल घेऊन दिवाळीच्या सुमारास पश्चिम महाराष्ट्रात व कर्नाटकात जातात. नवराबायको मिळून एक कोयता मोजतात. गाळप मार्च-एप्रिलपर्यंत चालते. म्हणजे शाळेचे ऐन महिने फडात जातात, आणि परीक्षा येते तेव्हा तोड चालूच असते. सन २००९ चा शिक्षणहक्काचा कायदा ६ ते १४ वर्षांच्या मुलांकरिता आहे. दहावीचे पोर त्या कुंपणाबाहेर पडलेले असते, व नेमके त्याच वयात त्याच्या हातांत कोयता पेलण्याचे बळ येते. सुतारकामासारख्या काही व्यवसायांस दहावी अनुत्तीर्णांसही घेतात हे खरे. सुतारकामास कोणी ख्रिस्ती मनुष्य हलके म्हणणार नाही. तथापि एकाने निवडावे व दुसऱ्याने उरलेले घ्यावे, यास समानता कसे म्हणावे?

मोशेच्या नियमशास्त्रात उपऱ्यास व स्वदेशीयास एकच कायदा सांगितला आहे. पुष्कळ जण येथेच थांबतात. परंतु त्याच लेवीय पुस्तकाच्या १९ व्या अध्यायात शेताचे कोपरे कापू नयेत, ते गरिबांकरिता व उपऱ्यांकरिता राखावे, अशीही आज्ञा आहे. ज्यास शेतच नाही, त्यास कापणीचा नियम सारखा लावून काय पोचते? म्हणून दोन्ही आज्ञा एकाच पुस्तकात आहेत.

अक्विला व प्रिस्किल्ला ह्यांस क्लौद्य कैसराच्या हुकुमाने रोम सोडावे लागले. करिंथात त्यांचा निर्वाह तंबूच्या धंद्यावर झाला, व पौलही त्यांच्यासंगती काम करू लागला. ज्याचा गाव सुटला, त्याच्यापाशी हातच्या विद्येवाचून दुसरे काय उरते? ती ज्यास सर्वांहून अधिक हवी, त्यासच तिचे दार अरुंद झाले आहे.

आम्हीही निर्दोष नाही. एका वसतिगृहातून तोडीवर गेलेल्या मुलांची नावे हजेरी भरत नाही म्हणून काढण्यात आली. त्या ठरावावर आमची सही आहे. त्या दिवशी तो ठराव आम्हांस अगदी न्याय्य वाटला होता.

दसऱ्यानंतर मुकादमाच्या गाड्या गावी येतील. दहावीतील जे लेकरू त्यांत बसणार असेल, त्यास पाचसहा महिने भाकर व निजावयास जागा कोणाच्या घरी मिळेल, हे सेवकबंधूंनी आधीच विचारून ठेवावे. मुलींस आजीपाशी किंवा मंडळीतील जाणत्या बहिणीपाशीच ठेवावे. आणि त्या मुलास गणिताच्या परीक्षेस पुन्हा बसवावे. फी आम्ही पाठवितो.