हाताशी आहे ते

मालवणकडच्या चिऱ्याच्या घरांत पडवीच्या भिंतीवर किंवा न्हाणीघराच्या कोपऱ्यात एक चपटी, करडी, दोन्ही टोकांना निमुळती वस्तू चिकटलेली असते. लांबी जेमतेम एक सेंटीमीटर. वाळक्या मातीचा कण समजून आपण पुढे जातो. पण क्षणभर थांबून पाहिलं तर ती हळूच सरकते! आत एका लहानशा पतंगाची अळी राहते. तोंडातून निघणाऱ्या रेशमाचा धागा काढून ती स्वतःभोवती नळी विणते आणि जवळपास जे असेल ते त्यावर लावते. वाळूचे कण, चुन्याची भुकटी, धूळ, कपड्याचा तुटका धागा. घर दोन्ही बाजूंनी उघडं, त्यामुळे तिला कुठूनही डोकं बाहेर काढता येतं. जुनी कोळिष्टकं, मेलेले किडे, गळलेले केस यांवर तिचं भागतं. दमट हवा तिला मानवते, म्हणून कोकण तिला सोयीचं.

अंड्यातून बाहेर आल्यावर लगेच ती घराला लागते. अंग वाढेल तसं घर वाढवते, त्यातच कोश करते आणि त्यातूनच एक दिवस करडा पतंग होऊन उडून जाते. लोकरीवर राहणारी तिच्याच भावकीतली एक अळी आहे. फ्रान्समधल्या रेओम्युर नावाच्या अभ्यासकाने अठराव्या शतकात तिचं बारकाईने निरीक्षण केलं. घर तंग झालं म्हणून ती ते टाकून देत नाही. एका बाजूने उसवते आणि मध्ये नवा तुकडा जोडते, घट्ट होऊ लागलेल्या झग्याला आई कळी घालते तशी. रेओम्युरने तिला वेगळ्या रंगाच्या कापडावर ठेवलं, तर नवी जोड त्या रंगाची झाली. मला हे फार आवडतं. कुठे कुठे राहिली, ते सगळं तिच्या घरावर दिसतं. युरोपातल्या माळरानांवर अशाच घरवाल्या पतंगांची एक जात हेदर नावाच्या झुडपाची बारीक पानं जोडून घर करते, तर आपल्याकडे बाभळीवर दुसऱ्या एका जातीची काड्यांची कोठी लटकलेली दिसते. ज्या गावात राहायचं, तिथलंच सामान.

आपली कामं मात्र सामानावाचून अडतात. नवी वही आणली की लिहायला बसू. पगार झाला की शिवण शिकू. गणपती झाले की व्यायाम सुरू करू. तोवर कपाटातल्या जुन्या वहीची मागची पानं कोरीच राहतात. कोकणातली कितीतरी घरं अशी वाट बघत बांधलेली नाहीत. आधी एक माजघर उभं राहिलं. मग मुंबईच्या चाकरमान्याने पैसे पाठवले तशी पडवी आली, पुढे एखादी खोली. कुठला भाग कधीचा, हे चिऱ्याच्या रंगावरून आजही ओळखू येतं, आणि त्या घरात राहणाऱ्यांना त्याचं कौतुकच असतं.

आज डब्याला ताजी भाजी नसेल, पण डब्यात कुळथाचं पीठ असेल. मावशीला सविस्तर पत्र लिहायला सवड नसेल, पण खुशाली विचारण्याइतकी असेल. निघायला दोन मिनिटं उरली असतील, तर तेवढ्यात जुन्या वहीत आजची तारीख घालून एक ओळ लिहून ठेवा. दुसरी उद्या लिहिता येईल.