शेवटच्या घराची जोडणी

पाणी पुरवणे हे राज्यकर्त्याचे काम, ही धारणा बडोद्यात सयाजीराव गायकवाडांच्या काळापासून मुरलेली आहे. १८९२ मध्ये पूर्ण झालेला आजवा तलाव तिची साक्ष देतो. आज शहरातल्या निजामपुरा भागातल्या कुटुंबालाही नळजोडणीचा अर्ज महानगरपालिकेकडेच करावा लागतो. हे काम कंपनीकडे गेले तर काय होईल, याची चर्चा बहुधा दरवाढीपाशी अडते. दर महत्त्वाचा आहेच, पण ज्याच्या घरी नळच नाही त्याला दराने काय फरक पडतो? माझ्या मते खरा प्रश्न कंपनीला मोबदला कशाचा मिळतो, हा आहे.

मराठी मुलखातले सर्वांत मोठे उदाहरण नागपूरचे. धरमपेठेतल्या पथदर्शी प्रयोगानंतर २०१२ मध्ये सगळ्या शहराचा पाणीपुरवठा ऑरेंज सिटी वॉटरकडे २५ वर्षांसाठी सोपवला गेला. पाण्याचे दर ठरवणे महापालिकेने स्वतःकडे ठेवले. कंपनीला मोबदला मिळतो तो बिल झालेल्या पाण्याच्या युनिटमागे. अशा करारात गळती शोधण्यात आणि मीटर बसवण्यात कंपनीचा थेट फायदा असतो, आणि तो शहराचाही असतो. मात्र अरुंद गल्लीतल्या, थोडेच पाणी वापरणाऱ्या घराला जोडणी देण्यात खर्च जास्त आणि उत्पन्न कमी. मग ते घर रांगेत मागे पडते. त्यासाठी कोणाच्या मनात दुष्टावा असावा लागत नाही. सांडपाण्यात तर हे उघडच दिसते. नागपूरच्या भांडेवाडीत खासगी कंपनी सांडपाणी शुद्ध करते, कारण ते विकत घ्यायला महानिर्मितीचे वीज केंद्र आहे. घरातल्या मोरीपासून गटारापर्यंतच्या नळीला असे गिऱ्हाईक नाही. त्यामुळे खासगी भांडवल शुद्धीकरण केंद्रापर्यंत येते आणि ड्रेनेजची जोडणी पालिकेच्या गळ्यात राहते.

यावर आक्षेप येतो की सरकारी व्यवस्थेने तरी गरिबांना काय दिले? आक्षेप खरा आहे. मुंबईत २००० नंतरच्या झोपड्यांना पाणी नाकारले ते पालिकेनेच, आणि त्यांचा हक्क मान्य व्हायला उच्च न्यायालयाचा २०१४ चा निकाल यावा लागला. उलट अर्जेंटिनात पाणीपुरवठ्याचे खासगीकरण झालेल्या भागांत बालमृत्यू सुमारे ८ टक्क्यांनी घटले, आणि सर्वांत गरीब भागांत त्याहून बरेच अधिक, असे २००५ च्या एका गाजलेल्या अभ्यासात दिसले. खासगीकरणाच्या विरोधकांनी हा पुरावा झटकून टाकू नये. पण त्याच देशातल्या ब्यूनस आयर्समध्ये १९९३ च्या कराराने नव्या जोडणीचा भार नव्या, म्हणजे बहुतांशी गरीब, ग्राहकांवर टाकला. तो त्यांना पेलेना, तेव्हा १९९७ मध्ये खर्च सर्व ग्राहकांच्या बिलांत वाटून घ्यावा लागला. जोडणीचा खर्च सामायिक मानला तरच घर जोडले जाते, हे यातून दिसते. आणि ते सामायिक मानणे राजकीय निर्णय आहे, कंपनीच्या हिशेबात बसणारी गोष्ट नव्हे. २००६ मध्ये ब्यूनस आयर्सचा तो करार रद्द झाला आणि सेवा सरकारकडे परतली.

म्हणून बडोद्यात असा करार पुढे आला, तर निजामपुऱ्यातल्या नागरिकांनी दराबरोबर मोबदल्याचे कलमही वाचायला मागावे. पाण्याची आणि ड्रेनेजची जोडणी मिळालेल्या घरांच्या संख्येवर कंपनीचे पैसे अवलंबून नसतील, तर नगरसेवकांनी त्या करारावर हात उंचावू नये.