ईयोबाची अकरा वचने

बायबल घेऊन बसणे ही प्रोटेस्टंटांची रीत. कॅथलिकाला मिस्सा, रोजरी आणि फादरांचे प्रवचन पुरे. घरोघर वाचन सुरू झाले की शंका बळावतात आणि धर्मग्रामात फूट पडते. वसईत अलीकडे एका व्यासपीठावरून हे ठासून सांगितले गेले आणि टाळ्याही पडल्या. वक्त्याच्या श्रद्धेबद्दल मला आदर आहे. पण हे म्हणणे इतिहासाला धरून नाही आणि चर्चच्या शिकवणुकीला तर मुळीच नाही.

संत जेरोम यांचेच घ्या. बेथलेहेमात राहून ज्यांनी हिब्रू शास्त्र लॅटिनमध्ये आणले, त्यांनी पाचव्या शतकाच्या आरंभी रोममधल्या लेटा नावाच्या आईला एक पत्र लिहिले. तिच्या लहानग्या मुलीला, पावलाला, कसे वाढवावे, हा विषय. लाकडी किंवा हस्तिदंती अक्षरे करून तिला खेळायला द्या, इथपासून सूचना आहेत. मग वाचनाचा क्रम येतो : आधी स्तोत्रे, पाठोपाठ नीतिसूत्रे, उपदेशक आणि ईयोब, मग शुभवर्तमाने, जी हातातून कधी खाली ठेवायचीच नाहीत, त्यानंतर प्रेषितांची कृत्ये व पत्रे, पुढे संदेष्टे. गीतरत्न सर्वांत शेवटी, कारण त्यातल्या प्रेमाचा अर्थ कळायला आधीची तयारी हवी. एका आईच्या हाती दिलेला हा मुलीचा अभ्यासक्रम आहे, आणि ल्यूथर जन्माला यायला तेव्हा हजारांहून अधिक वर्षे होती.

बंधने आली ती पुढे. धर्मसुधारणेच्या धास्तीने 1564 मध्ये नियम झाला, की लोकभाषेतले बायबल वाचायला लेखी परवानगी हवी. तरीही त्या शतकानंतर लगेचच, 1616 मध्ये, फादर थॉमस स्टीफन्स यांचे ‘क्रिस्तपुराण’ गोव्यात रायतूरला छापले गेले. सुमारे 11 हजार मराठी ओव्यांत आदामापासून ख्रिस्तापर्यंतची कथा! प्रोटेस्टंट मिशनरी विल्यम कॅरींचा मराठी नवा करार आला तो 1811 मध्ये. तेव्हा ही रीत उसनी आणलेली कशी म्हणायची?

शंकेचा मुद्दा मात्र महत्त्वाचा आहे, आणि त्याचे उत्तर बायबलमधल्या ईयोबाच्या पुस्तकात आहे; पण ते पुस्तक मिस्सेत फारसे ऐकू येत नाही. रविवारच्या मिस्सेतील वाचने तीन वर्षांच्या चक्रात फिरतात. ईयोबाच्या पुस्तकात 42 अध्याय आहेत. त्यांतले या तीन वर्षांच्या रविवारी कानावर पडते किती? दोन छोटे उतारे, दोन्ही दुसऱ्या वर्षातले, मिळून अकरा वचने. केवळ रविवारच्या मिस्सेवर विसंबणाऱ्याला दुःखात बुडालेल्या ईयोबाचे सांत्वन करायला आलेले मित्र भेटतच नाहीत. ते मित्र भाविक आहेत. देव न्यायी आहे, तुझ्या हातून काहीतरी पाप घडले असणार, ते कबूल कर, असे ते परोपरीने सांगतात. ईयोब ऐकत नाही. तो देवालाच जाब विचारतो. शेवटच्या अध्यायात देव निवाडा देतो : मित्र माझ्याविषयी यथार्थ बोलले नाहीत, ईयोब बोलला. देवाने बाजू घेतली ती जाब विचारणाऱ्याची.

मयताच्या घरी आपण काय बोलतो ते आठवा. तरुण मुलगा गेलेल्या आईला कुणीतरी म्हणते, ‘प्रार्थनेत कुठे कमी पडलात का?’ हे त्या मित्रांचेच बोल आहेत. ईयोब वाचलेला माणूस असे बोलणार नाही. तो त्या आईजवळ नुसता बसेल. ते मित्रही पहिले सात दिवस असेच गप्प बसले होते, आणि तेवढेच त्यांचे खरे सांत्वन होते.

इथपर्यंत लिहिल्यावर वक्त्याच्या भीतीतले तथ्यही मला दिसते. एकेक वचन सुटे काढून दुसऱ्यावर फेकणारे वाचक मी पाहिले आहेत. एकट्याने वाचावे आणि आपलाच अर्थ खरा मानावा, याने नुकसानच होते. प्रेषितांच्या कृत्यांत रथात बसून यशया वाचणारा इथिओपियन अधिकारी फिलिपला हेच म्हणतो, की कुणी उलगडून सांगितल्याशिवाय मला कसे समजावे? पण म्हणून फिलिप त्याच्या हातातला ग्रंथ काढून घेत नाही. शेजारी बसून समजावतो. व्हॅटिकन परिषदेने 18 नोव्हेंबर 1965 रोजी ‘देई व्हेर्बुम’मध्ये सर्व भाविकांना वारंवार वाचनाचा आग्रह केला आणि त्याच दस्तऐवजात हेही सांगितले, की चर्चचा शिकवण्याचा अधिकार देवशब्दाच्या वर नसून त्याच्या सेवेसाठी आहे.

म्हणून बायबलबरोबर चर्चची शिकवणही वाचायला हवी. 1992 चा धर्मशिक्षणग्रंथ आहे. मजुराच्या रास्त वेतनावर 1891 मध्ये तेरावे लिओ यांनी आणि पृथ्वीच्या रक्षणावर 2015 मध्ये पोप फ्रान्सिस यांनी लिहिलेली परिपत्रके आहेत. ती ठाऊक नसली, की पाणी-जमिनीच्या लढ्यात उतरलेल्या फादरांना आपण ‘चर्चपुरते पाहा’ असे ऐकवतो. मराठीत बायबल समजत नाही, ही सबबही आता चालणार नाही. फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी ‘सुबोध बायबल’ आपल्या हाती दिले आहे आणि त्याला साहित्य अकादमीचा अनुवाद पुरस्कारही मिळाला आहे.

चर्चचे नवे वर्ष आगमनकाळाने सुरू होते. त्याच्या पहिल्या रविवारच्या आदल्या शनिवारी रोजरीनंतर उद्याची तिन्ही वाचने घरात मोठ्याने वाचा, मुलांना प्रश्न विचारू द्या, आणि उत्तर न सुचलेला प्रश्न रविवारी फादरांपुढे ठेवा.