कोणत्या बेटावरचा पक्षी?

सप्टेंबर 1835. समुद्रकिनाऱ्यांचे नकाशे करत निघालेलं ‘बीगल’ हे इंग्लिश जहाज पॅसिफिक महासागरातल्या गॅलापागोस बेटांपाशी येऊन थांबलं. जहाजावर चार्ल्स डार्विन नावाचा 26 वर्षांचा तरुण होता. जहाज थांबेल तिथे उतरायचं आणि दगड, किडे, झाडं, पक्षी गोळा करायचे, हा त्याचा जवळजवळ चार वर्षांचा नेम.

बेटांचा कारभार पाहणारे लॉसन एकदा त्याला म्हणाले की, इथल्या बेटाबेटांवरची कासवं निरनिराळी आहेत. कासव समोर आणलं, तर ते कोणत्या बेटावरचं हे मी खात्रीने सांगू शकतो. डार्विनने ते ऐकलं आणि तेव्हा फारसं मनावर घेतलं नाही. एकमेकांवरून दिसणारी ही बेटं, हवामानही तेच. मग जीव वेगळे कशाला असतील? त्याने दोन बेटांवरचे नमुने एकत्र करून टाकले. जहाजावर खाण्यासाठी घेतलेल्या कासवांचं मांस संपलं आणि कवचं समुद्रात गेली. मॉकिंगबर्ड हे पक्षी तेवढे बेटाबेटांवर वेगळे दिसले, म्हणून त्यांच्यापुढे त्याने बेटाचं नाव लिहून ठेवलं.

2 ऑक्टोबर 1836 रोजी जहाज इंग्लंडला परतलं. 1837च्या जानेवारीत पक्षी लंडनच्या प्राणिशास्त्र संस्थेत जॉन गूल्ड या जाणकाराच्या हाती गेले. चोची एवढ्या निरनिराळ्या, की त्यातले काही डार्विनला अगदी वेगळ्या कुळांतले वाटले होते. गूल्डने निवाडा दिला : कुणाची चोच जाड, कुणाची बारीक, पण हे सगळे एकाच गोतातले फिंच आहेत. मार्चमध्ये त्याने आणखी सांगितलं, की तीन बेटांवरचे मॉकिंगबर्ड या तीन स्वतंत्र जाती आहेत.

मग फिंचचं काय? त्यांच्याही जाती बेटागणिक वेगळ्या असतील का? डार्विनच्या नोंदींत याचं उत्तर नव्हतं. आठवून, अंदाजाने बेटांची नावं भरता आली असती. पण तो जहाजाचा कप्तान फिट्झरॉय याच्याकडे गेला आणि सिम्स कव्हिंग्टनलाही त्याने विचारलं. हा कव्हिंग्टन जहाजावर फिडल वाजवायला आणि पडेल ते काम करायला आलेला पोरगा, पुढे डार्विनचा नोकर झालेला. त्याने स्वतःसाठी थोडे पक्षी ठेवले होते आणि कोणता कुठला, हे त्याला सांगता आलं. मालकाकडे नव्हती ती माहिती नोकराकडे निघाली. ती घेण्यात डार्विनला कमीपणा वाटला नाही, आणि नमुने एकत्र झाल्याची चूकही त्याने आपल्या प्रवासवर्णनात छापली.

जीवांच्या जाती कायमच्या ठरलेल्या नाहीत, त्या बदलतात, या विचाराची पहिली वही त्याने त्याच वर्षी जुलैत उघडली. पुढे 20 वर्षांहून अधिक काळ तो पुरावे जमवत राहिला, कबुतरं पाळणाऱ्यांना आणि माळ्यांनाही विचारत राहिला. 1859 साली त्याचा ग्रंथ आला आणि जीवसृष्टीकडे पाहण्याची माणसाची दृष्टी पालटली.

तात्पर्य : दिसलं ते कुठे दिसलं, हे तिथल्या तिथे लिहून ठेवावं. राहून गेलं, तर अंदाजाने रकाना भरू नये. ज्याला माहीत आहे त्याला विचारावं, मग तो आपल्या हाताखालचा का असेना.