सांधा झाकावा की दिसू द्यावा?



जिथे दोन वस्तू एकत्र येतात तिथे सांधा येतोच. सुताराला तो चुकत नाही, लोहाराला चुकत नाही आणि प्रपंचातल्या माणसालाही चुकत नाही. प्रश्न एवढाच, की तो झाकावा की दिसू द्यावा? वरवर पाहता हा प्रश्न कारागिराचा आहे. म्हणून आधी कारागिरालाच विचारू.

दांड्याची जुनी काळी सायकल आपण सर्वांनी पाहिली आहे. हँडलखालच्या आखूड नळीला जिथे आडवा दांडा आणि तिरपी नळी येऊन मिळतात, तिथे एकेक पोलादी बाही दिसते. सदऱ्याच्या बाहीत हात जावा तशी नळी तिच्यात जाते. सायकल बांधणारे तिला ‘लग’ म्हणतात. हाताने सायकली बांधणाऱ्यांनी हा सांधा फार जिव्हाळ्याने जपला आहे.

नळी बाहीत बसवायची, आच द्यायची आणि काठावर पितळ धरायचे. पितळ साधारण ९०० अंशांना वितळते. पोलादाला वितळायला १४०० हून अधिक अंश लागतात. त्यामुळे पोलाद लाल होते, पण वितळत नाही. नळी आणि बाही यांच्यातल्या बारीक फटीत पितळ आपोआप ओढले जाते, जसे वातीत तेल चढते. याला झाळणे म्हणतात. कारागीर एका काठाने पितळ देतो आणि दुसऱ्या काठाकडे डोळे लावून बसतो. तिथे पिवळी रेघ उमटली की त्याचा जीव भांड्यात पडतो. दोन्ही नळ्या आपापल्या जागी अखंड राहिल्या, आणि तरी एक झाल्या.

एवढी काळजी कशासाठी? बर्मिंगहॅमच्या रेनॉल्ड्स कंपनीची ५३१ क्रमांकाची नळी १९३५ साली आली. तिची भिंत एक मिलिमीटरहूनही पातळ. जास्त आच लागली तर अशा नळीचा कस जातो. म्हणून कमी आचेचा सांधा. शिवाय अशा उत्तम नळ्या मध्ये पातळ आणि टोकांना आतून जाड ठेवतात. या युक्तीचे पेटंट रेनॉल्ड्स घराण्याने १८९७ साली घेतले होते. बाहेरून नळी एकसारखी दिसते. पण जिथे जोड येणार, तिथे जादा बळ आधीच साठवलेले असते.

पुढे कारागिरांनी या बाह्या सजवल्याही. लंडनच्या हेचिन्स सायकलींच्या बाह्यांचे काठ वेलबुट्टीसारखे कापलेले असत. कित्येक जण रंग दिल्यावर बाहीच्या काठावरून वेगळ्या रंगाची बारीक रेघ ओढतात. पाहणाऱ्याची नजर थेट सांध्यावरच जावी, अशी ही योजना. हे सारे सुंदर आहे, यात शंका नाही. पण माउली, नक्षीच्या खाली पितळ पोचलेच नसेल तर? ती नक्षी उतारावर कोणाचाही जीव वाचवणार नाही. म्हणून सांधा दिसतो म्हणजे तो खरा आहे, असे मानता येत नाही. दाखवण्यातही फसवणूक असू शकते.

आता लाकडाकडे वळू. आपल्याकडच्या जुन्या वाड्यांतले सागवानी खांब दगडी तळखड्यावर उभे असतात, कारण जमिनीची ओल लाकडाला खाते. खांबावर हस्त, हस्तावर तुळई. एका लाकडाच्या टोकाला तासून काढलेले कुसू, दुसऱ्यात कोरलेली खाच, आणि दोन्हींतून आरपार गेलेली लाकडी खुंटी. लाकूड पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आक्रसते. असा सांधा त्याला थोडे हलू देतो. वरून पुट्टी भरून गुळगुळीत रंग दिला तरी लाकूड आपला स्वभाव सोडत नाही. आज ना उद्या तिथे भेग पडतेच.

ही विद्या जपानने फार निगुतीने सांभाळली. नारा परिसरातल्या होर्यूजी या बौद्ध मठाच्या काही इमारती तेराशे वर्षांच्या आसपास उभ्या आहेत. जगातल्या सर्वांत जुन्या लाकडी इमारतींत त्यांची गणना होते. त्या टिकल्या त्याचे एक मोठे कारण हे, की त्यांचे सांधे उकलता येतात. विसाव्या शतकात तिथल्या इमारती सुट्या करून, कुजलेले तेवढे बदलून, पुन्हा उभ्या केल्या गेल्या.

तिथले सुतार खांबाचा पाय कुजला म्हणून सगळा खांब टाकून देत नाहीत. वरचा भार टेकूवर घेतात, कुजका भाग कापतात आणि नव्या लाकडाचा पाय जुन्या खांबात गुंतवतात. जुने लाकूड काळवंडलेले, नवे उजळ. जोड कोणालाही दिसतो. ओसाका किल्ल्याच्या मोठ्या दरवाजाच्या एका खांबाला असाच जोड आहे. रेघ बाहेरून स्पष्ट दिसते, पण ती दोन लाकडे एकमेकांत शिरली कशी, हे भल्याभल्यांना कळेना. शेवटी क्ष-किरणांनी आतली गुंफण उलगडली.

या खांबापाशी मला आपल्या प्रश्नाचे उत्तर सापडते. जोड आहे, हे त्याने लपवलेले नाही. आतली गुंफण मात्र त्याने चव्हाट्यावर मांडलेली नाही. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि आपण त्यांची नेहमी गल्लत करतो.

दारू सोडून गळ्यात माळ घातलेला माणूस आपल्या प्रत्येक गावात आहे. हाही पाय बदललेला खांबच. घरची माणसे लाजेपोटी म्हणतात, ‘तो विषय काढू नका, आमच्याकडे तसे काही नव्हतेच.’ ही झाली पुट्टी. मग लग्नघरी कोणी अजाणता त्याच्यापुढे पेला धरतो, आणि त्या क्षणी त्याला टेकू द्यायला कोणी नसते, कारण टेकू कुठे लागतो हे कोणाला सांगितलेलेच नसते. दुसरीकडे काही जण त्याला दरवेळी चारचौघांत उभे करतात आणि जुने सगळे वदवून घेतात. त्याच्या बायकोने सोसलेले दिवस ऐकणाऱ्यांची करमणूक होतात. ही झाली पितळाविना नक्षी.

त्याने आणि आपण करायचे ते याहून साधे आहे. ‘मी पीत होतो, आता पीत नाही,’ एवढे त्याने सरळ सांगावे आणि आपण सरळ ऐकावे. बाकीची गुंफण त्याची, त्याच्या घरच्यांची आणि पांडुरंगाची.

मग एवढे तरी का सांगायचे? कारण खांब एका पिढीचा नसतो. उद्या दुसरा सुतार येईल. जोड कुठे आहे हे त्याला दिसले, तर तो तिथे आधी हात लावून पाहील आणि ओल आली असेल तर वेळीच सावरील. झाकून ठेवला, तर त्याला छत खचल्यावरच कळेल. त्या माणसाचा मुलगाही उद्या मोठा होणार आहे. आपले वडील कुठे मोडले होते आणि कसे सांधले गेले, हे त्याने शेजाऱ्याच्या टोमण्यातून ऐकावे की वडिलांच्या तोंडून? माउली, आपल्याही घरात असा एखादा सांधा असेल. तो पुढच्या माणसाला ठाऊक आहे ना, एवढे पाहून ठेवा.

रामकृष्णहरी.