अनुदान मालकाला, हमी भाडेकरूला

सोलापूरजवळ कुंभारी येथे उभ्या राहिलेल्या रे नगरात १९ जानेवारी २०२४ रोजी १५,००० असंघटित कामगार कुटुंबांना पंतप्रधानांच्या हस्ते हक्काची घरे मिळाली. त्यानंतर तीनच दिवसांनी छतावरील सौरऊर्जेच्या योजनेची घोषणा झाली आणि फेब्रुवारीत ती ‘पंतप्रधान सूर्यघर : मोफत वीज योजना’ म्हणून सुरू झाली. पहिल्या दोन किलोवॉटला प्रत्येकी ३०,००० आणि तिसऱ्याला १८,००० असे जास्तीत जास्त ७८,००० रुपयांचे अनुदान तीत मिळते. दोन्ही पावले स्वागतार्ह आहेत. पण दोन्हींच्या रचनेत डोळ्यांपुढे आहे ते स्वतःच्या छताखाली राहणारे कुटुंब. सोलापूरच्या पूर्व भागातल्या चाळीत किंवा पत्र्याच्या खोलीत भाड्याने राहणारा यंत्रमाग कामगार आणि घरी विड्या वळणारी त्याची पत्नी यांचे काय, हा प्रश्न तसाच उरतो. अशा घरांसाठी मालकाला अनुदान द्यावे, मात्र त्याच्या अटी भाडेकरूच्या बाजूने लिहिलेल्या असाव्यात, असे माझे मत आहे.

भाड्याच्या घरात सुधारणा का होत नाहीत, याचे कारण मालकाच्या स्वभावात शोधण्याची गरज नाही. ते व्यवहारातच आहे. छतावर पैसे घालायचे मालकाने आणि वीजबिल कमी व्हायचे भाडेकरूचे. भाडेकरूने स्वतः खर्च करावा, तर उद्या खोली सोडताना छत काही बरोबर नेता येत नाही. परिणामी कोणीच काही करत नाही. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो तेव्हा पत्र्याखालची खोली तापते, आणि विडी कामगार बाईसाठी तीच खोली कामाची जागाही असते. त्यामुळे इथली पहिली गरज सौर पॅनेलच्याही आधीची आहे : छताला चुना किंवा उष्णता परतवणारा रंग, पत्र्याखाली उष्णतारोधक थर आणि कमी विजेचा पंखा. साधा पंखा साधारण ७५ वॉट वीज घेतो, तर नवा ‘बीएलडीसी’ पंखा ३० वॉटच्या आसपास. रोज पंधरा तास चालला तर महिन्याला सुमारे वीस युनिट वाचतात. जिथे एकाच मीटरवर दोन-तीन बिऱ्हाडे असतात, तिथे सगळ्यांचे युनिट एकत्र मोजले जाऊन चढ्या दराच्या टप्प्यात जातात. तिथे ही बचत अधिकच मोलाची. तेलंगणाने २०२३ मध्ये थंड छतांसाठी स्वतंत्र धोरण आणले. सोलापूरचे ऊन हैदराबादपेक्षा सौम्य नाही.

ज्याच्याकडे मालमत्ता आहे त्यालाच सरकारी पैसा कशासाठी, हा पहिला आक्षेप रास्त आहे. खाली स्वतः राहून वरच्या दोन खोल्या भाड्याने देणारा मालक श्रीमंत असतोच असे नाही, हे त्याचे अर्धेच उत्तर. खरे उत्तर असे की अनुदानाने मालकाची मालमत्ता सजवायची नसून भाडेकरूचा उन्हाळा सुसह्य करायचा आहे, आणि ते छतावर हक्क असलेल्या माणसाला वगळून होणार नाही. दुसरा आक्षेप अधिक गंभीर : सुधारणा झाली की भाडे वाढेल. महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ च्या कलम ११ नुसार भाडेकरूंच्या लेखी संमतीने केलेल्या सुधारणांसाठी, झालेल्या खर्चाच्या वार्षिक १५ टक्क्यांपर्यंत भाडेवाढ करता येते. समजा खर्च दीड लाख रुपये झाला, तर वाढ महिन्याला १,८७५ रुपयांपर्यंत जाते. त्यातले ७८,००० रुपये अनुदानाचे असतील आणि ते वजा केले, तर वाढीची मर्यादा ९०० रुपयांवर येते. हा फरक कामगाराच्या घरखर्चात लहान नाही. जनतेच्या पैशावर मालकाने जनतेकडूनच भाडे घ्यावे, हे कोणत्याही न्यायात बसत नाही. जर्मनीत अशा सुधारणांच्या खर्चापैकी वर्षाला ८ टक्केच भाड्यात चढवता येतात. २०१९ पूर्वी हे प्रमाण ११ टक्के होते.

तिसरा आक्षेप अंमलबजावणीचा. अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्स करारात भाडे दरवेळी नव्याने ठरते, आणि अनेक बिऱ्हाडे तर तोंडी बोलीवरच राहतात; तिथे अटी पाळायला कोण लावणार? पण महाराष्ट्राच्या याच भाडे नियंत्रण कायद्याच्या कलम ५५ नुसार करार लेखी आणि नोंदणीकृत असणे बंधनकारक आहे आणि ती जबाबदारी मालकाची आहे. कायद्याच्या धाकाने जी नोंदणी झाली नाही, ती अनुदानाच्या लाभाने होऊ शकते. अटी घातल्या तर मालक पुढे येणार नाहीत, असेही म्हटले जाईल. काही येणार नाहीत. तो पैसा मग अटी मान्य करणाऱ्याकडे जाईल. बिनशर्त वाटून त्याच भाडेकरूला वाढीव भाड्याखाली दाबण्यापेक्षा तो शिल्लक राहिलेला बरा.

म्हणून राज्य शासन आणि सोलापूर महापालिकेने भाड्याच्या घरांसाठी वेगळी योजना आखावी आणि सुरुवात पत्र्याच्या छतांपासून करावी. तिच्यात चार अटी असाव्यात : नोंदणीकृत करार, अनुदानाच्या रकमेवर भाडेवाढ नाही, ठरावीक वर्षे भाडेकरूला काढता येणार नाही, आणि एका मीटरवरच्या बिऱ्हाडांची वीज वेगळी मोजणाऱ्या सबमीटरवर महावितरणच्या दरापेक्षा जास्त आकारणी नाही. या चार अटींशिवाय घरमालकांना एक रुपयाही देऊ नये. आणि त्या मान्य करणाऱ्या मालकाला देताना हात आखडता घेऊ नये.