नीरेच्या खोऱ्यातील ऋणविचार
भारतीय धर्मविचारात मनुष्य जन्मतःच ऋणी मानला आहे. तैत्तिरीय संहितेत या ऋणाचे तीन प्रकार सांगितले असून देवांचे ऋण यज्ञाने, ऋषींचे अध्ययनाने आणि पितरांचे संततीने फिटते, असा तिचा आशय आहे. शतपथ ब्राह्मणाने त्यांत मनुष्यऋणाची भर घातली. विनोबांनी 1932 साली धुळ्याच्या तुरुंगात दिलेल्या आणि साने गुरुजींनी लिहून घेतलेल्या गीता-प्रवचनांत यज्ञाचा अर्थ अग्नीतील आहुतीपुरता राहिला नाही. आपल्या वापराने सृष्टीची होणारी झीज भरून काढणे म्हणजे यज्ञ, असा तो व्यापक झाला. संशोधन, प्रकाशन आणि ऊर्जानिर्मिती या कामांकडे या दृष्टीने पाहिले, तर ऋण खरोखर फिटले असे केव्हा म्हणावे, हा प्रश्न उभा राहतो.

बारामती आणि इंदापूर तालुक्यांत तो अगदी मूर्त रूपात दिसतो. पर्जन्यछायेतील या जिरायती मुलखात 1885 साली नीरा डाव्या कालव्याचे पाणी आले आणि पुढे ऊस पसरला. परंतु निचरा नसलेल्या खोल काळ्या जमिनींत भूजल वर चढले, त्याबरोबर क्षारही वर आले, आणि कित्येक शेते खारवट किंवा चोपण, म्हणजे सोडियमच्या आधिक्याने घट्ट व नापीक, झाली. हॅरॉल्ड मान आणि व्ही. ए. ताम्हणे यांनी नीरा खोऱ्यातील अशा जमिनींचा अभ्यास 1910 मध्येच प्रसिद्ध केला होता. तरीही त्या खोऱ्यात जमिनी खारावतच राहिल्या. इंग्रजीत छापलेली ती पुस्तिका रात्री उसात दारे धरणाऱ्या शेतकऱ्यासाठी लिहिलेलीच नव्हती. परंपरेने अध्ययनाला अध्यापनाची जोड दिली आहे; त्यामुळे शोधनिबंध छापून आला की काम संपले, असे मानणारी आजची विद्यापीठीय पद्धत ऋषिऋण अर्धेच फेडते, असे म्हणणे भाग आहे.

माळेगाव खुर्द येथे 2009 साली स्थापन झालेली राष्ट्रीय अजैविक ताण व्यवस्थापन संस्था अवर्षण, क्षार, उष्णता अशा निर्जीव कारणांनी पिकांवर येणाऱ्या ताणाचा अभ्यास करते, आणि तिने स्वतःची प्रक्षेत्रेही खडकाळ मुरमाड माळावर उभी केली आहेत. बारामतीच्या कृषी विज्ञान केंद्राचे काम वरवर पाहता दुय्यम वाटते, कारण नवे तंत्र शेतकऱ्याच्या रानात तपासून ते त्याच्या भाषेत त्याला समजावणे, एवढेच ते आहे; ऋणविचाराच्या कसोटीवर मात्र तेच अधिक मोलाचे ठरते.

ऊर्जेचा प्रश्न याहून गुंतागुंतीचा आहे. माळेगाव, सोमेश्वरनगर आणि भवानीनगर येथील साखर कारखान्यांत सहवीजनिर्मिती होते, म्हणजे उसाचे चिपाड बॉयलरमध्ये जाळून मिळणाऱ्या वाफेवर कारखानाही चालतो आणि वीजही तयार होते. साखर केवळ कर्ब, हायड्रोजन आणि ऑक्सिजन यांची बनलेली असते, त्यामुळे हवा, पाणी आणि सूर्यप्रकाश यांतून आलेलेच तिच्याबरोबर बाहेर जाते. जमिनीतून उचललेले स्फुरद, पालाश यांसारखे घटक राखेत, गाळणीवरील गाळात आणि मद्यार्काच्या सांडपाण्यात उरतात. ते योग्य प्रक्रियेनंतर शेतात परतले, तर येथे यज्ञाचे चक्र जवळजवळ अक्षरशः पूर्ण होऊ शकते. पाचट पेटवून देण्याने मात्र ते तुटते, कारण त्यातील नत्र आणि सेंद्रिय कर्ब धुरात जातो. खोडव्यात पाचट कुजवण्याच्या शिफारशीला म्हणूनच खतव्यवस्थापनापलीकडचा अर्थ आहे.

एवढ्यानेही हिशेब पुरा होत नाही. ऊस बाराहून अधिक महिने पाणी पितो, आणि कालव्याच्या वरच्या अंगाला तो जितका वाढतो, तितकी शेवटाकडील इंदापूरच्या गावांची पाळी लांबते. शतपथ ब्राह्मणाने जोडलेले मनुष्यऋण ते हेच. राखेने किंवा पाचटाने ते फिटत नाही. ठिबक सिंचनाने पाणी वाचते हे खरे, पण वाचलेले पाणी वरच्याच शेतकऱ्याच्या आणखी एका एकर उसाला गेले, तर शेवटच्या गावाच्या पदरात काहीच पडत नाही. चिपाडाच्या विजेला शाश्वत म्हणताना तिच्या युनिटांबरोबर या लांबलेल्या पाळीचीही नोंद व्हायला हवी, आणि ती मराठीत व्हायला हवी.